वाघाच्या वाटेवरचं लेणं

मिल्या,

परवा तुझ्या शोकसभेत तुझ्या फोटोला शाल घातली. "आता आपण गुरुजींचा यथोचित सन्मान करू," असं माइकवर सांगून घातली. आधी प्रास्ताविक झालं, मग सरपंच बोलले, तुझ्या शाळेतले दोघं बोलले, आणि शेवटी एका पोरीने आभारप्रदर्शन करून कार्यक्रम संपल्याचं जाहीर केलं. तू असतास तर मधूनच उठून गेला असतास. मी मागच्या रांगेत बसलो होतो आणि मला हसू दाबावं लागत होतं. रडू काही आलं नाही. अजूनही आलेलं नाही.

सुनंदा वहिनींचा फोन आला तेव्हा मी अंगणात गाडीखाली होतो, ऑइल बदलत. वहिनी म्हणाल्या, "अन्वरभाऊ, हे गेले." मी 'बरं' म्हणालो. खरंच 'बरं' म्हणालो, जसं कोणी गाडी उद्या नको म्हटल्यावर म्हणतात तसं. फोन खिशात ठेवला आणि राहिलेलं काम पुरं केलं. नट आवळला, नवीन ऑइल भरलं, काडी काढून पातळी पाहिली. घरात जाऊन शबानाला सांगितलं तेव्हा ती दार धरून खाली बसली. मी तिच्या बाजूने वाकून खिळ्यावरची चावी काढत होतो. ती म्हणाली, "हाथ तो धो लो जी." ते मला ऐकू आलं, पण धुवायचे म्हणजे काय करायचं ते सुचेना. त्याच काळ्या हातांनी यवतमाळच्या दवाखान्यापर्यंत गाडी चालवली.

लोक माझ्याकडेही भेटायला येतात. 'लहानपणची दोस्ती होती तुमची,' म्हणतात आणि चहा घेऊन जातात. मी मान हलवतो. त्यांना कुठे सांगत बसू की आपण दोस्ती कमी आणि भांडणं जास्त केली. हायवेवरच्या अब्बांच्या पंक्चरच्या दुकानात तू नव्या ट्यूबमधली हवा सोडलीस, तिथून सुरू झालं. तू मास्तर झालास, मी ड्रायव्हर झालो, तरी चालू राहिलं. माझं मराठीही तू भांडून भांडूनच सुधारलंस. आता हे लिहिताना कुठे चुकलं तर तसंच राहील.

शेवटचं भांडण लेण्यावरून होतं, ते तुला माहीतच आहे. पण मला ते पहिल्यापासून मांडावंसं वाटतं, कारण काल जे झालं ते त्याशिवाय मला स्वतःलाच समजत नाही.

बाहेरच्या माणसाला आपलं लेणं दाखवलं की तो आधी विचारतो, 'एवढंच?' गावामागच्या टेकडीत, नाल्याच्या अंगाला कोरलेल्या दोन खोल्या आणि पुढे पडवी. पूर्वी तिथे गुराखी ढोरं उभी करायचे, असं तुझा आजा सांगायचा. छप्पनच्या दीक्षेनंतर तुझ्या आज्याने आणि त्याच्या सोबत्यांनी ती जागा धुऊन काढली, आत बुद्धमूर्ती बसवली आणि रोज संध्याकाळी वंदना सुरू केली. आपण लहान असताना पौर्णिमेला तिथे खीर मिळायची, म्हणून मीही तुझ्यामागे यायचो. पुढे वस्तीत सिमेंटचं समाजमंदिर झालं, त्यात पंखे लागले, लोक तिकडे वळले आणि लेण्यात वटवाघळं राहायला आली.

नोकरीतून सुटलास आणि तुला लेण्याने धरलं. लोक रिटायर झाल्यावर यवतमाळला प्लॉट घेतात, लोहाऱ्याकडे घर बांधतात. तू झाडू घेतलास. वटवाघळांना धूर करू म्हटलं तर म्हणालास, "झोपून राह्यले बे ते. तुह्या घरात कोणी धूर केला तं चालन का तुले?" मग माझ्या जुन्या बॅटरीवर बल्ब लावून ठेवला, रोज मी बॅटरी चार्ज करून आणायची, आणि उजेडाला कंटाळून ती आपोआप जाईपर्यंत आपण थांबलो. मला वाटायचं, आपल्या आधी बॅटरी मरेल. वटवाघळं गेली तेव्हा तू मला बोलावून रिकामं छत दाखवलंस, जणू तूच ते कोरलं होतंस.

मग वंदना सुरू झाली, सहा वाजता, आज्याच्या वेळेलाच. तू पुढे, वहिनी, कमलाबाई आणि वस्तीतल्या आणखी काही बाया मागे. मी बाहेर कट्ट्यावर. "तू बाहेरच बस. कोणीतरी चपला पाह्यल्या पायजे," असं तू म्हणायचास, आणि मी म्हणायचो, "तुह्या चपला चोरणारा अजून जन्माले यायचा हाय." आतून तुमचा आवाज यायचा. मला शब्द कळायचे नाहीत, पण तू कुठे दम घेतोस ते पाठ झालं होतं.

पर्यटनाचं खूळ मात्र तुझं एकट्याचं नव्हतं, हे मी कबूल करतो. टिपेश्वरला वाघ पाहायला नागपूरहून, हैदराबादहून लोक यायला लागले होते आणि माझ्या दोन गाड्या त्यांच्यावरच चालत होत्या. एकदा एक पार्टी वाघ न दिसल्यामुळे इतकी नाराज झाली की माझ्याशीच भांडली. तुला सांगितलं तर तू हसला नाहीस. म्हणालास, "वाघ रोज दिसत नाही ना? बुद्ध रोज दिसते. आण त्याईले इकडं."

आणली. पहिलं कुटुंब हैदराबादचं, आठवतं? मी फोन करून फक्त 'येऊन राह्यलो' एवढं सांगितलं होतं. टेकडीखाली पोचलो तर मंडप. खुर्च्या, माइक, टेबलावर गुलाबाची फुलं, सरपंच इस्त्रीच्या कपड्यात. आपल्या गावाला पाहुणा आला की दुसरं काही येतच नाही, त्याला बसवून त्याचा सत्कार करायचा, एवढंच येतं. त्यांना पाणी हवं होतं आणि संडास कुठे ते विचारायचं होतं. त्याऐवजी त्यांना प्रमुख पाहुणे केलं. गावाचा इतिहास सांगितला, बचतगटाच्या अध्यक्षा बोलल्या, शाळेच्या पोरींनी स्वागतगीत म्हटलं. त्यातली म्हातारी आजी बराच वेळ इकडेतिकडे पाहत राहिली आणि मग हळूच मला म्हणाली, "बेटा, दुल्हन किधर है?"

सगळं आटोपेपर्यंत अंधार पडला आणि लेणं पाहायचंच राहिलं. त्या दिवशी तू गावाला जे बोललास ते गावाने अजून जपून ठेवलंय. "पाहुण्याले मोकळं सोडा रे! त्याले पाहू द्या, बसू द्या, गप्प राहू द्या." माइक बंद, खुर्च्या बंद, शाली बंद, असं तू जाहीर केलंस, आणि तेही माइकवरून. तरी पुढे कित्येकदा कोणी ना कोणी पिशवीतून शाल काढायचाच. आता तुझ्यावरच घातली, तर कोणावर ओरडशील?

नंतर नंतर जमायला लागलं. लोक यायचे, पडवीत बसायचे, जायचे. पण संध्याकाळची सफारी संपते आणि गाड्या हायवेकडे वळतात ती वेळ नेमकी सहाची. पाहुणे दारातून आत पाहायचे तर त्यांना काय दिसायचं? बायांच्या पाठी. सगळे मूर्तीकडे तोंड करून बसलेले. एखादा मोबाइल काढायचा, दोन फोटो घ्यायचा आणि मला विचारायचा, "भैया, खतम कब होगा?" आपलं खरं भांडण तिथून लागलं.

मी म्हणालो, वंदना पाचला घ्या, सहाला लोकांना मोकळं लेणं दाखवू. तू म्हणालास, वंदना कामावरून आलेल्या बायांच्या वेळेची आहे, पाहुण्यांच्या वेळेची नाही, त्या पाचला वावरातच असतात.

"मंग लोकाईनं काय करायचं तोवर?"

"मागं येऊन बसायचं."

"बोअर होते ना बे त्याईले. पाली कोणाले समजते?"

"मले तरी कुठं सगळी समजते? म्हून काय मी बाहेर उभा राह्यतो?"

'मी तं राह्यतो बाहेर,' असं मी म्हणालो. तू म्हणालास, "तुले कोणी अडवलं होतं?" तो विषय आपण पुन्हा काढला नाही. तू बोलावलं असतंस तर मी आलो असतो का, आणि मी आलो असतो तर तुला बरं वाटलं असतं का, हे दोन्ही राहून गेलं. त्याबद्दल मला आज फार काही वाटत नाही. कट्टा चांगला होता, वाराही लागायचा.

मग पर्यटन खात्याकडे केलेल्या तुझ्या अर्जांना उत्तर आलं. कितीदा तू यवतमाळच्या एसटीत बसलास आणि कितीदा साहेब मीटिंगला गेले म्हणून परत आलास. त्या ऑफिसात तुला 'लेणीवाले गुरुजी' म्हणायचे. शेवटी आले बघायला. त्यांना जागा आवडली. टिपेश्वरच्या वाटेवरचं ठिकाण म्हणून लेणं त्यांच्या योजनेत बसत होतं. पायऱ्या, पाणी, संडास, फलक, पोरांना गाइडचं काम, आणि संध्याकाळी दिव्यांचा खेळ आणि लेण्याची गोष्ट सांगणारा आवाज. सगळं चांगलं. अट एकच, संध्याकाळी लेणं रिकामं पाहिजे. वंदना समाजमंदिरात हलवायची. मला वाटलं, संपलं आता भांडण, देवाने माझ्या बाजूने निकाल दिला. तुला तसं म्हणालोही. तुझ्याकडे देव नाही हे विसरून.

मला वाटलं होतं, तू त्यांना टेकडीवरून हाकलशील. तू फक्त विचार करून कळवतो म्हणालास. त्या पावसाळ्यात वंदनेला तू, वहिनी आणि कमलाबाई, तुम्ही तिघंच उरला होतात. बाकीच्या बायांचे गुडघे त्या निसरड्या वाटेला नाही म्हणत होते आणि पोरं पुण्याला नाहीतर नागपूरला. एका संध्याकाळी बाहेर येऊन माझ्याशेजारी बसलास आणि म्हणालास, "अन्वर, गावात पोरं राह्यली नाही तं बसणार कोण इथं? मी कोणासाठी धरून ठेवून राह्यलो?" मी तेव्हा 'मी काय सांगत होतो' असं म्हणायला हवं होतं. इतकी वर्षं त्याचीच वाट पाहत होतो. मी समोरच्या चपला सरळ करत बसलो. तू हरलेला मला आवडला नाहीस.

आणि मग तुझा तो फोन. "शुक्रवारी ते पक्कं विचारायले येऊन राह्यले. माह्यं ठरलं."

"काय ठरलं?"

"तेव्हाच सांगतो, सगळ्याईपुढं. तुले आत्ता सांगतलं तं तू एक तं नाचशील, नाहीतं भांडशील. मले आत्ता दोन्ही नको. तू गाडी घेऊन ये फक्त."

मी 'हाव' म्हणून फोन ठेवला. गॅसवर दूध होतं, शबाना हाका मारत होती. शेवटचं बोलणं चालू आहे असं कोणी सांगितलं असतं तर मी दूध उतू जाऊ दिलं असतं.

शुक्रवार काल होता. तुझा जलदान विधी झाला होता, शोकसभा झाली होती, आणि ही तारीख पुढे ढकला असं कोणी म्हणालंच नाही. मी वहिनींना विचारलं तर म्हणाल्या, "त्याईनंच बोलावलं होतं. येऊ द्या." मी पांढरकवड्याहून त्यांना गाडीत घेऊन आलो. बोलणी करायला आलेल्या मॅडम, एक इंजिनियर आणि एक साहेब. चांगली माणसं आहेत, वाटेत तुझ्याबद्दल विचारत होती. काय काय विचारलं आणि मी काय सांगितलं ते आठवत नाही. फक्त खड्डे चुकवलेले आठवतात.

पडवीत सगळे जमले. सरपंच, कमलाबाई, बचतगटाच्या बाया, गाइडचं काम मिळेल म्हणून नागपूरला न गेलेले तुझे दोन विद्यार्थी. वहिनी पांढऱ्या साडीत खांबाजवळ बसल्या होत्या. मॅडमनी सगळं पुन्हा समजावून सांगितलं आणि म्हणाल्या, आज गावाचं हो किंवा नाही कळलं तर बरं. सरपंचांनी सरळ माझ्याकडे पाहिलं.

"अन्वरभाई, गुरुजी तुमच्यापाशी बोलले असन. त्याईचं काय म्हणणं होतं ते सांगून टाका. आपण तेच करू."

सगळ्या माना वळल्या. मिल्या, त्या वेळी मी जे बोललो असतो ते तुझं म्हणून चाललं असतं. 'हो म्हणाला होता,' एवढं पुरलं असतं. मला तेच हवं होतं, गाड्यांना तेच हवं होतं, त्या दोन पोरांना तेच हवं होतं, आणि कदाचित तुलाही. अर्ध्या तासात आम्ही चहा पिऊन मोकळे झालो असतो.

मी म्हणालो, "मले नाही सांगतलं त्यानं."

कोणाचा विश्वास बसला नसावा. मग मागून कोणीतरी म्हणालं, समाजमंदिर आहेच ना, पंखेही आहेत. सरपंच म्हणाले, म्हाताऱ्या बायांनाही तेच सोयीचं. सगळ्यांनी माना हलवल्या. कमलाबाईने पदर तोंडाला लावला आणि खाली पाहिलं. मी वाट पाहत राहिलो की आता कोणीतरी उठेल आणि म्हणेल, कायले हलवायची? इतकी वर्षं माझ्या प्रत्येक बोलण्यावर तो आवाज यायचा. काल तो आलाच नाही. आणि ते मला सहन होईना, मिल्या. तू गेलास हे मला दवाखान्यात कळलं नव्हतं, अग्नी दिला तेव्हा कळलं नव्हतं. ते तिथे कळलं.

मग मीच म्हणालो, "कायले हलवायची?"

पुढचं मी बोललो की माझ्या तोंडून तू, मला ठाऊक नाही. म्हणालो, दिवे पायजे तं सातनंतर लावा. सहाची वेळ कामावरून येणाऱ्या बायांची आहे. पाहुण्यांनी मागे येऊन बसावं, मी आणतो त्यांना. मॅडम समजुतीने म्हणाल्या, "काका, सातपर्यंत लोक थांबणार नाहीत हो. त्यांना कंटाळा येतो. भाषा कळत नाही." हे सगळं माझंच बोलणं होतं, फक्त चांगल्या मराठीत. आणि त्याला उत्तर मला पाठ होतं, कारण ते तू मला इतक्यांदा दिलं होतंस. "आम्हाले तरी कुठं सगळी समजते?" असं मी म्हणालो. मी म्हणालो, 'आम्हाले'. कमलाबाईने वर पाहिलं.

ती म्हणाली, "मी तं येईन बाप्पा सहाले. कोणी काही ठरवा."

आणि वहिनी म्हणाल्या, "वंदना इथंच होईन."

मॅडमनी तसं कळवते म्हणून सांगितलं, पण योजनेत मग हे बसेल असं वाटत नाही, असंही स्वच्छ सांगितलं. त्यांचं काही चुकलं नाही. ती दोन पोरं मोटारसायकल ढकलत टेकडी उतरली. मला काही म्हणाली नाहीत, माझ्या वयाकडे पाहून असेल. ती नागपूरला जातील. त्यांच्या आयांना मी काय सांगणार आहे, ते मला सुचलेलं नाही.

पाहुण्यांना सोडून परत आलो तर वहिनी तुझ्या दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "अन्वरभाऊ, एक सांगू? मले वाटते, ते हो म्हणणार होते. पोराईसाठी." मी त्यांच्याकडे पाहतच राहिलो. त्या म्हणाल्या, "तरी तुम्ही बोलले ते बरं केलं." आणि आत गेल्या.

म्हणजे तू माझ्या बाजूला यायला निघाला होतास आणि मी तुझ्या बाजूला जाऊन बसलो. लेणं वाचवलं की बुडवलं, मला कळत नाही. तू माझ्याशी सतत भांडत राहिलास म्हणून मला माझं म्हणणं काय आहे ते माहीत असायचं, त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहिले. आता विचार करायला बसलो की दोन्ही बाजूंनी मीच बोलतो आणि दोन्ही बाजू खऱ्या वाटतात.

आज सकाळपासून लोक भेटून जातात. सरपंच येऊन गेले, शाळेतले येऊन गेले, कमलाबाईने नातवाच्या हाती भाजी पाठवली. सगळे म्हणतात, अन्वरभाई, चांगलं केलं. दोस्तीला जागले. मी प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहतो, हा तरी म्हणेल, 'काहून बे, अक्कल गहाण ठेवली होती का?' कोणी म्हणत नाही, मिल्या. या गावात मला शिवी देणारा एकही माणूस उरला नाही.